घरचा नंबर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पनवेलच्या एका हॉस्पिटलात, नोंदणीच्या काउंटरशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी बरेच दिवस बसून काढले. मी डॉक्टर नाही, नर्स नाही आणि पेशंटही नाही. त्यामुळे मी तिथे नक्की कोण, हे कोणालाच कळत नसे. चहावाला मला ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणायचा आणि चहा द्यायला नेमाने विसरायचा.

काम सांगायला सोपं आहे. माणूस एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की त्याचे रिपोर्ट त्याच्या आधी तिथे पोचले पाहिजेत, आणि वाटेत कोणा चोंबड्याला ते वाचता येता कामा नयेत. करायला मात्र नाकी नऊ येतात. प्रत्येक हॉस्पिटलाने वेगळ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. एकाला जन्मतारीख लागते, दुसऱ्याला अंदाजाने वय चालतं. एकाकडे साखरेचा आकडा रक्ताच्या तपासणीत असतो, दुसऱ्याकडे ‘इतर’ नावाच्या रकान्यात. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. अशा भांडखोर भावंडांना एका पंगतीत बसवायचं आणि एकाच्या पानात काय वाढलंय ते दुसऱ्याला दिसू द्यायचं नाही, हे माझं पोटापाण्याचं साधन.

त्यातलं कुलूप मी केलेलं होतं आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता. डॉक्टरने बाहेरचा रिपोर्ट मागितला की पेशंटच्या मोबाइलवर मेसेज जातो, की अमुक डॉक्टर तुमचा अमुक रिपोर्ट बघू इच्छितात. सोबत काही आकडे असतात. पेशंटने तेच आकडे उलट पाठवले की परवानगी मिळाली आणि रिपोर्ट उघडला. नाही पाठवले तर डॉक्टर कितीही मोठा असो, रिपोर्ट बंद. नियमाने मलासुद्धा बंद. सगळे रिपोर्ट माझ्या यंत्रांमधून जातात, पण पाकीटबंद जातात.

हे सगळं मी आधी माझ्याच नावावर तपासायची. माझा रिपोर्ट मीच मागायचा, मेसेज माझ्याच फोनवर यायचा आणि होकारही मीच द्यायचा. खांदा कॉलनीतल्या माझ्या घरात साधारण असंच चालतं. चहा टाकू का, असं मीच विचारते आणि टाक, असं मीच म्हणते. आई गेल्यापासून घरात दुसरा आवाज कुकरचा. भाऊ पुण्याला असतो, त्याचा फोन भाऊबिजेला येतो. लग्न का नाही केलं, असं खोदून विचारणारी माणसंसुद्धा एकेक करून संपली. याचं वाईट वाटतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी ‘छे’ म्हटलं असतं. पण वाटायचं. रविवारी जास्त वाटायचं.

तर कुलूप उत्तम होतं. चावी कोणाच्या हातात जाते, ते मला काउंटरवर बसल्यावर कळलं. काउंटरवरच्या बाई विचारायच्या, “मोबाइल नंबर?” आणि समोरून उत्तर यायचं, “घरचा लिहा.” आता घरचा फोन म्हणून काही राहिलेला नाही, हे जगाला माहीत आहे. पण घरचा नंबर आहे. घरात फोन सहा असले तरी नंबर सांगायचा तो कर्त्या माणसाचा. गॅसला तोच, रेशनला तोच, बँकेत तोच आणि म्हातारीच्या गुडघ्याच्या एक्सरेलाही तोच. एका मुलाच्या मोबाइलवर त्याची आई, बाप, बायको, दोन काकवा आणि एक आत्या अशी अख्खी वरात नोंदलेली मी पाहिली. मोहल्ल्यातली एक बाई थायरॉइडसाठी आली होती. तिच्या परवानगीचा मेसेज गेला मस्कतला, नवऱ्याच्या फोनवर. “त्यांची ड्यूटी सुटेल तेव्हा बघतील, इन्शाल्ला,” असं म्हणून तिने डबा उघडला आणि निवांत जेवायला बसली. मी कपाळाला हात लावला. मी केलेलं कुलूप भक्कम होतं आणि किल्ली शेजारच्या खिशात.

त्यातच एका सकाळी ती आली. सत्तरीच्या आसपासची, उरणच्या वाटेवरच्या एका गावातली आगरी बाई. घट्ट कासोट्याचं लुगडं, कानात जड सोनं, पायात स्लिपर. बरोबर कोणी नाही, हेच पहिलं नवल. अशा घरची म्हातारी हॉस्पिटलात येते तेव्हा गाडी भरून माणसं येतात आणि काउंटरवर एकाच वेळी चौघे बोलतात. ही रिक्षाने एकटी आली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला आतून काउंटरवर पाठवलं होतं. तिचा रिपोर्ट उरणच्या एका हॉस्पिटलात होता, तो मागवायचा होता. काउंटरवरच्या बाईंनी बटणाकडे बोट नेलं, तशी म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

“थांब. मेसेज कुटं जाईल?”

“तुमच्या नंबरवर.”

“तो माजा नाय. पोराचा हाय.”

“मग मुलाला सांगा ना, मेसेज येईल, तो उलट पाठवा म्हणावं.”

“त्यालाच तं नाय सांगायचा,” म्हातारी म्हणाली.

काउंटरवरच्या बाईंना न सुटणारी प्रत्येक गोष्ट माझ्याकडे यायची. म्हातारी माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली. मी तिला मावशी म्हटलं, तिने मला बाय म्हटलं, आणि कोणतीही प्रस्तावना न करता तिने सगळं सांगून टाकलं. छातीत गाठ लागली होती. द्रोणागिरीला बहिणीकडे राहायला गेली असताना तिथून गुपचूप उरणला जाऊन तिने तुकडा काढून दिला. आठवड्याने पुन्हा बहिणीकडे जायचं निमित्त काढलं आणि रिपोर्ट घेतला. वाईट निघाला. तिथे म्हणाले, ऑपरेशनला पनवेलला जा.

“तो कागद कुठे आहे?” मी विचारलं.

“चुलीत घातला. घरात कोनी बगितला असता तं?”

थोड्याच दिवसांत घरात नातवाची हळद होती. आगऱ्यांच्या हळदीबद्दल बाहेरच्या माणसाला काय सांगावं! लग्नाला एक वेळ कमी माणसं आली तर चालतात, हळदीला अख्खा गाव लागतो. आणि ही मावशी साधी आजीही नव्हती, ती धवलारीण होती. म्हणजे लग्नात देवकार्य लावून देणारी, धवले ही लग्नाची गाणी गाणारी. भटजी येण्याआधीपासूनचा तो मान. गावातली निम्मी लग्नं तिच्या गळ्याने लागलेली. आता लोक बँजो आणि डीजे लावतात, तिला पहाटे दोन धवले म्हणायला बसवतात आणि मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढतात. पण नातवाची हळद ती पूर्ण गाणार होती. पोराने तसा शब्द दिला होता. तिच्या आवाजात हळद लागेपर्यंत बँजोवाले गप्प बसणार होते.

“आता सांगला तं पोरगा मांडव काडून टाकील,” ती म्हणाली. “मना खाटेवर निजवील नि मुंबईला पलवील. मी वलखते त्याला. हलद होऊं दे, मंग मीच सांगन.”

मावशीच्या सांगण्यावरून मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन लग्नापर्यंत थांबू शकतं, पण तपासण्या नाही थांबू शकत. उरणचा रिपोर्ट आज हवा, मग स्कॅन, मग रक्त. सगळं तयार असेल तर लग्नानंतर लगेच हात घालता येईल. नुसतीच वाट बघत बसल्या तर पुढचं अवघड आहे. म्हणजे परवानगीचे मेसेज जाणार, एक नाही, बरेच जाणार, आणि सगळे मांडव घालणाऱ्या पोराच्या खिशात वाजणार.

बाहेर येऊन मी मावशीला हे सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “तुजा नंबर टाक.”

“माझा?”

“तू हितंच बसतंस ना. शिकलेली हायस. तुजाच टाक.”

चोपन्न वर्षांच्या आयुष्यात माझा नंबर कोणी घरचा म्हणून कुठे दिला नव्हता. आईच्या कागदांवरसुद्धा भावाचा असायचा, मुलगा म्हणून. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की मला त्याची लाज वाटली. मी कुलूप केलं, नियम लिहिले, गावोगावच्या डॉक्टरांना सुनावलं की पेशंटचा नंबर पेशंटचाच हवा, आणि एका म्हातारीने बाकावर बसून हाक मारताच माझा हात पेनकडे जायला लागला. मग मला राग आला. तिचा थोडा, माझा जास्त.

“मावशी, मी तुमची कोण? तुम्हाला काय झालंय, काय होतंय, ते सगळं मला कळेल.”

“कलू दे. तू कोनाला सांगनार? तुना हाय कोन?”

घरी कोण कोण असतं, ते तिने बोलता बोलता आधीच विचारून घेतलं होतं. तिने हे टोचायला म्हटलं नव्हतं. कपाट रिकामं असेल तर त्यात सामान ठेवावं, इतक्या साधेपणाने म्हटलं होतं. तरी लागलं.

“माझा नंबर नाही टाकता येणार,” मी जरा तुटकच बोलले. “तुम्ही स्वतःचा फोन घ्या.”

ती हसली. मग तिला ते पटलं. दुपारी आम्ही दोघी बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. तिने आपलं आधार कार्ड दिलं, फोटो काढून घेतला आणि बटणांचा एक छोटा फोन निवडला. आकडे तिला वाचता येत होते, बाजारात मासळीचा हिशेब करून झालेले. दुकानदाराने विचारलं, “कोणाचा नंबर सेव्ह करू, आजी?” तिने माझ्याकडे बोट केलं. त्याने फोन लावून बघितला. मी तिच्या शेजारी उभी, माझ्या पर्समध्ये फोन वाजला आणि तिने तिच्या फोनमध्ये “हालो” म्हटलं. मीही “हॅलो” म्हटलं. आमच्या मध्ये हातभर अंतर होतं.

काउंटरवर नंबर बदलायला कार्ड आणि पेशंट समोर लागतो, ते दोन्ही होतं. पण त्यात एक मेख होती आणि ती मीच मारून ठेवली होती. नंबर बदलला की जुन्या नंबरवर सूचना जाते. कोणी चोरून नंबर बदलला तर मूळ माणसाला कळावं म्हणून. ती सूचना त्या एका वेळेपुरती बंद ठेवणं माझ्या हातात होतं. मी ती बंद केली नाही. मावशीला तसं सांगितलं.

“जाऊं दे,” ती म्हणाली. “मांडववाला, बँजोवाला, कोंबरीवाला, दिसभर त्याचा फोन वाजतं. कोन वाचतं?”

पोराने वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला आणि काउंटरवरच्या बाईंनी तो माझ्या हातात दिला.

“मॅडम, आमच्या आईचा नंबर कोनी चेंज केला? फ्रॉडबिड तं नाय ना?”

आवाज चांगला होता, काळजीचा. असाच जागा माणूस डोळ्यांसमोर ठेवून मी ती सूचना घातली होती.

“त्या स्वतः येऊन बदलून गेल्यात. त्यांनाच विचारा.”

“ती हॉस्पिटलला कशाला आलती?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“आमी तिची घरची मानसं हाव, मॅडम.”

“हो,” मी म्हटलं. “तरीही.”

मी फोन ठेवला. नियम बरोबर होता आणि तो माणूसही बरोबर होता. दिवसभर मला वाटत राहिलं की आता मांडव उतरला.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिने पोराला सांगितलं होतं की डोळे तपासायला गेले होते, आणि सरकारचा नवा कायदा निघालाय, म्हाताऱ्या माणसांना आपापला नंबर लागतो.

“मावशी, असा कायदा नाही.”

“नाय तं करा,” ती म्हणाली.

आणि मग ते सुरू झालं. डॉक्टरीणबाई संध्याकाळी बसायच्या, त्यामुळे परवानगीचे मेसेज संध्याकाळी जायचे. मी घरी येऊन कणीक भिजवत असायची आणि फोन वाजायचा.

“आला बग. लिवून घे. चार. नव.”

“मावशी, नको. मला नका सांगू.”

“दोन. परत नव.”

“अहो, तेच तर कोणाला सांगायचं नसतं. ते आकडे तुम्ही उलट पाठवायचे. मला सांगितले तर मी तुमचा सगळा रिपोर्ट उघडून बघेन.”

“मंग बग. ह्यो फोनात तुजाच एक नंबर हाय. तुना नाय तं कोनाला सांगू?”

ओटीपी कोणाला सांगू नका, हे बँका, सरकार आणि मी असे सगळे मिळून वर्षानुवर्षं ओरडतोय. तरी लोक फसवणाऱ्यांनाही ओटीपी देतात. पण आलेला आकडा आपल्या माणसाला आधी सांगावा, पेढ्यासारखा, असं समजणारी ही पहिलीच. मी कानावरून फोन दूर धरायची, तिचे आकडे संपेपर्यंत. मग तिला बटणं सांगायची. ती चुकायची. तिकडे डॉक्टरीणबाई रिपोर्टची वाट बघत खोळंबायच्या. पुन्हा मेसेज, पुन्हा फोन, पुन्हा नवे आकडे.

मी रागवायची. खरंच रागवायची. आणि सहा वाजले की फोन हॉलमधून स्वयंपाकघरात आणून ठेवायची. एकदा दिवसभर कुठलीच तपासणी नव्हती, त्या संध्याकाळी फोन वाजणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी तो ओट्यावर होता. त्या दिवशी मी पोळ्या केल्या नाहीत, सकाळचा भात खाल्ला.

मेसेज गेला की ती लगेच फोन ठेवायची नाही. मागे गडबड ऐकू यायची, भांडी, पोरं, कोणीतरी टेम्पोवाल्यावर खेकसत असायचं. ती मागच्या अंगणात चुलीपाशी बसून बोलायची.

“जेवलंस?”

“नाही अजून.”

“काय केलंस?”

“वांग्याची भाजी.”

“येकटीला वांगी. बोंबील खात नाय का?”

“नाही.”

“म्हनून लगीन नाय झाला,” ती म्हणायची आणि स्वतःच खूप हसायची.

एका संध्याकाळी म्हणाली, गळा बसलाय का बघायचंय, ऐक. आणि हलक्या आवाजात धवला म्हणायला लागली. आवाज थकलेला होता, पण सूर कुठे सुटत नव्हता. नवऱ्याला पाटावर बसवलंय, आईने हळद वाटलीय, असं काहीतरी. सगळे शब्द मला कळले नाहीत. गॅसवर आमटी उकळून उतू गेली तरी मी हलले नाही. माझ्या घरात लग्नाचं गाणं याआधी कधी म्हटलं गेलं नव्हतं, आणि मला रडू आलं. ती थांबल्यावर “चांगला आहे गळा,” एवढंच मी म्हटलं.

“तू ये हलदीला,” ती म्हणाली. मग जराशाने म्हणाली, “नको येऊस. कोन म्हनून सांगू?”

“मला कामच आहे त्या दिवशी,” मी म्हटलं.

शेवटी तिला ती बटणं जमली. एकदा सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काल आजींची परवानगी लगेच आली हं.” आदल्या संध्याकाळी माझा फोन वाजला नव्हता. तिने मेसेज वाचला, आकडे उलट पाठवले आणि ठरल्याप्रमाणे कोणालाही सांगितलं नाही. मी इतके दिवस जे शिकवत होते, ते ती नीट शिकली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

हळद झाली, लग्न झालं. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही, पण हळदीच्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. त्यानंतर काही दिवसांनी मावशी ऑपरेशनआधीच्या एका तपासणीला आली. पोरगा गाडी लावायला गेला होता, तेवढ्यात ती भरभर माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत लग्नघरातली ऐट होती.

“गायले,” ती म्हणाली. “सगली गायले. बँजोवाला पन आयकत बसला.”

“आणि घरी?”

“सांगितला. रडला पोरगा. बोलला, कदी कलला आई तुना? मी बोलले, परवा.”

“परवा?”

“मंग काय बोलू? घरात येवडी मानसं असून परक्या बाईला पयला सांगितला, असा बोलू? मरंल तो.” तिने लुगड्याच्या ओच्यातून फोन काढून माझ्या हातात दिला. “ह्यातना तुजा नंबर काड. आता फोन त्याच्या हाती जाईल.”

मी नंबर काढला. नुसता नंबर काढून भागत नाही, आलेल्या-गेलेल्या फोनांची यादी आणि परवानगीचे जुने मेसेज पण राहतात, तेही पुसले. खुणा न ठेवणं हे माझं काम आहे आणि ते मला चांगलं येतं. रिकामा फोन मी तिला परत दिला. तिने माझ्या हातावर हात ठेवला, लिफ्टकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

त्यानंतर ऑपरेशन झालं. एवढं मला काउंटरवर कळलं, कसं झालं ते नाही. तिची फाइल माझ्या यंत्रांमधून ये-जा करत होती, पाकीटबंद. मनात आणलं असतं तर बघण्याची वाट मला ठाऊक होती, ती बांधणारीच मी. पण तिने डॉक्टरांना परवानगी दिली होती, मला नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनी ‘तुमच्या कोण त्या?’ असं विचारलं असतं. ती जगली का, शुद्धीवर आली का, गाठ पुरती निघाली का, यातलं एक अक्षर मला कळायचा सरळ मार्ग नव्हता. खांदा कॉलनीतल्या घरात मी कणीक भिजवायची आणि स्वतःशीच म्हणायची, बरी असेल. मग स्वतःलाच उत्तर द्यायची, असेलच. त्या उत्तराला काही अर्थ नसायचा.

असे कितीतरी दिवस गेल्यावर ती मला दिसली. व्हीलचेअरवर, अर्धी झालेली, डोक्याला रुमाल बांधलेला. मागे पोरगा, सून आणि हिरव्या चुड्यातली नवी नातसून. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीवरून उठलेच. मग उठायचं काही कारण नाही हे लक्षात येऊन प्रिंटरकडे गेले.

तिचे कागद मुंबईच्या हॉस्पिटलात पाठवायचे होते, पुढच्या उपचारांसाठी. मेसेज आला होता, पण उलट जात नव्हता. पोराने इकडेतिकडे बघितलं आणि मला हाक मारली, “मॅडम, जरा बगता का? जात नाय.”

मी जवळ गेले, खुर्चीपाशी वाकले. “आजी, आकडे मला दाखवू नका,” मी म्हटलं. मावशी म्हटलं नाही. “पुन्हा टाका, आणि हे बटण दाबा.”

तिने फोन माझ्यापासून जरा वळवून धरला, आकडे टाकले, बटण दाबलं. गेला. पोरगा म्हणाला, “थँक्यू हां, मॅडम.” त्याने माझा आवाज ओळखला नाही.

मी सरळ उभी राहिले. मावशी माझ्याकडे बघत होती, काउंटरवरच्या कोणाही बाईकडे बघावं तशी. त्या गर्दीत माझं घर रिकामं आहे हे ठाऊक असलेलं माणूस ती एकटी होती.

“घरी सगली बरी हाईत ना, बाय?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “सगळे बरे आहेत.”

तिने मान हलवली. पोराने खुर्ची वळवली आणि ते सगळे गाडीकडे गेले.